आधीचं बरं, की हे बरं?

"बाबा, आली का आई?" लेकीने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, आणि चष्मेवाल्यांच्या तोंडून "आली" असं निघून गेलं. निघून गेलं हेच खरं, कारण त्यांनी ते म्हटलं नव्हतं. देवापुढे उभं राहिलं की हात आपोआप जुळतात, तशी जिभेची ती सवय होती. समोर जवळजवळ भिंतभर पसरलेला नवाकोरा टीव्ही होता, टीव्हीत सभागृह होतं, सभागृहात दाटीवाटीने बसलेली माणसं होती, डाव्या बाजूच्या जाड खांबाला लागून निळी शाल पांघरलेली बाई होती, आणि आज पहिल्यांदाच त्या बाईला चेहरा होता. रुंद, भाबडा चेहरा. हनुवटीवर तीळ. नाकावर चष्मा, त्याची एक काडी वाकलेली, त्यामुळे सगळा चष्माच एका बाजूला कललेला. चष्मेवाल्यांचा हात नकळत पुढे झाला, काडी सरळ करायला. मग तो हात तिथेच हवेत थांबला. कारण ही बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोच्या हनुवटीवर तीळ नव्हता. तिने जन्मात कधी चष्मा लावला नव्हता. "चष्मेवाल्याच्या घरात एक तरी माणूस बिनचष्म्याचं असू द्या, नाहीतर तुमचा चष्मा हरवला की शोधणार कोण?" असं ती म्हणायची. तेवढ्यात चित्र सरकलं. मंचावरचे कथेकरी दिसायला लागले, हातातले टाळ, गळ्यातली फुललेली शीर, आणि निळी शाल पडद्याबाहेर गेली.

लेक चहाचे कप घेऊन धावत आली. "गेली वाटतं! मेला चहा आत्ताच उतू जायचा होता. कशी दिसली हो?" "छान," चष्मेवाले म्हणाले. "मोठी?" "मोठी तर दिसणारच," जावई टीव्हीखाली बसून स्पीकरची लांब पट्टी जोडत होता, त्याने पडद्याकडे पाठ ठेवूनच उत्तर दिलं, "या टीव्हीत मुंगीची म्हैस होते." "माझ्या आईला म्हैस म्हणतोस?" "मी मुंगी म्हणालो, म्हैस टीव्ही करतो." लेकीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि चष्मेवालेसुद्धा हसले, हसताना कपातला चहा बशीत सांडला. जावई म्हणाला, मागे घेऊन पुन्हा लावतो, त्यात काय. पण लेक म्हणाली, "नको, आत्ता नको. मला कामावर पळायचंय. असं उभ्या उभ्या, एक पाय चपलेत घालून नाही बघायचं. संध्याकाळी येते, पडदे ओढू, नीट बसू. इतकी वर्षं ठिपका बघितला, आता आईला पोटभर बघायचंय." आणि जाताना दारातून वळून ती पुन्हा म्हणाली, "बाबा, एकट्याने बघून संपवू नका हं." जणू ती वाटीतली खीर होती.

घर रिकामं झालं. जावई जुना टीव्ही उराशी धरून जिना उतरला. त्या ठेंगण्या, फुगीर पाठीच्या डब्याचा चौकोन बाजूच्या भिंतीवर मागे राहिला होता, भोवतीच्या रंगापेक्षा थोडा उजळ. चष्मेवाल्यांनी आज दुकानातून सुट्टी घेतली होती. दुकान त्यांचं नव्हतं, पण खुर्ची त्यांची होती: अंधाऱ्या खोलीतली, नंबर तपासायची. समोर अक्षरांचा उजळ तक्ता, नाकावर ती लोखंडी, गोल खाचांची फ्रेम, आणि तिच्यात एकामागून एक काचा घालत विचारायचं, "आधीचं बरं, की हे बरं?" आयुष्यभर त्यांनी हे एकच वाक्य म्हटलं होतं. बायको चिडवायची, लग्नाच्या दिवशीसुद्धा हेच विचारलंत मला, फोटोवाल्यासमोर, हार डावीकडे घेतला तर बरं की उजवीकडे. या वाक्याने त्यांना माणसांबद्दल एक गोष्ट शिकवली होती. चष्मा पहिल्यांदाच लागलेला माणूस बहुतेकदा खोटं बोलतो. मुद्दाम नव्हे. त्याच्या डोळ्यांना धुक्याचीच सवय असते, म्हणून बरोबर काच घातली की तो दचकतो आणि म्हणतो, "आधीचंच बरं होतं." अशा माणसाशी वाद घालायचा नसतो. गप्प बसायचं. थोड्या वेळाने तो आपणहून म्हणतो, "परत एकदा दाखवा." परत दाखवा असं माणूस म्हणाला की समजायचं, आता तो बघायला लागला. चष्मेवाले आरामखुर्चीत बसले आणि त्यांना वाटलं, आज तक्त्यासमोरच्या खुर्चीत आपण आहोत, आणि काचा बदलणारा कोणी दिसत नाही.

तिला फोटोची चीड होती. कुणी कॅमेरा काढला की ती स्वयंपाकघरात काहीतरी जळायला लावायची. निदान तसं सांगायची. मागे राहिला तो कुठल्याशा कामासाठी काढलेला एक फोटो, कान दिसतील असे केस मागे घेतलेला, ज्यात ती चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी दिसते. ती गेली तेव्हा लेक परगावी होती, नव्या नोकरीवर. गाडी मिळून ती पोचेपर्यंत घरात फक्त मोठ्या माणसांचं दबकं बोलणं उरलं होतं. त्यानंतर वर्षाने, शेजारच्या काकूंनी एक सीडी आणून दिली. गावातल्या मोठ्या सभागृहात कथेकऱ्यांचं गाऊन निरूपण झालं होतं, त्याचं चित्रण. तिच्या शेवटच्या थंडीत ती तिथे एकटीच गेली होती. निळी शाल पांघरून गेली होती आणि खांबाजवळ बसली होती, एवढं दोघांना पक्कं ठाऊक होतं. सीडी लावली, आणि लेक किंचाळली, "बाबा, ती बघा आई! खांबापाशी!" खांब होता, निळं होतं. निळा ठिपका ऐकता ऐकता एकदा बाजूला झुकला, किंचित हलला. "हसतेय बघा!" लेक म्हणाली आणि पहिल्यांदा मोकळी रडली. त्या रडण्यापुढे कोण टीव्हीजवळ जाऊन काच पुसणार होतं? त्यांनीही मान डोलावली. मग ते घरातलं एक आन्हिकच झालं. लेक आली की सीडी लागे, ती जागा आली की दोघांतला एक म्हणे, "आली," आणि दुसरा म्हणे, "हसली." लेकीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाला त्या ठिपक्यापुढे बसवलं गेलं होतं. तो शहाणा, त्याने ठिपक्याला नमस्कार केला. आणि त्यानेच आता, टीव्ही घ्यायचा ठरल्यावर, सभागृहाच्या लोकांचा पिच्छा पुरवून मूळ चित्रण मिळवलं होतं, सीडीसारखं धुरकट नव्हे, स्वच्छ; बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये. "सासूबाईंच्या शालीचा धागा मोजता येईल," तो म्हणाला होता.

खरंच मोजता आला असता. शालीवर फुलं होती. बारीक, पांढरी, कडेने विणलेली. तिची शाल साधी होती.

रिमोट हातात होता, पण त्यांनी ते चित्रण लगेच लावलं नाही. दुसरं काहीतरी लावलं, जे लागलं ते. समुद्र लागला. खोलीचा रंगच पालटला. आरामखुर्चीचे हात, बशी, त्यांचे स्वतःचे गुडघे निळसर झाले, आणि भिंतीवरून एक मासा आला, खवल्याखवल्याने वेगळा. डोळ्याभोवती त्याला पिवळं कडं होतं. चष्मेवाले वाकून बघत राहिले. एवढ्या जवळून त्यांनी फक्त माणसांचे डोळे बघितले होते, बाहुलीभोवतीच्या रेषा, पांढऱ्यातल्या लाल शिरा. आणि त्यांना नेहमी वाटायचं, करणाऱ्याने एवढं बारीक काम केलं आणि कुणासाठी, तर आम्हा काचा घासणाऱ्यांसाठी? आज माशाच्या डोळ्यातही तीच कारागिरी. बातम्या लागल्या, तर बातम्या देणाऱ्याच्या जबड्याखाली दाढीचा एक पट्टा राहून गेलेला, आणि पापण्यांची उघडझाप अशी की याच्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स आहे आणि ती टोचते आहे, हे त्यांनी बसल्या जागी ओळखलं. "काढून ठेव रे बाबा, डोळा लाल झालाय," ते मोठ्याने म्हणाले. मग कुठलातरी डोंगर, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या, एकेकीच्या लोकरीत अडकलेलं गवत. त्यांना मजा वाटत होती. लाज वाटण्याइतकी मजा वाटत होती. घरात असं काही घडलेलं असताना माणसाला मेंढीचं गवत बघून बरं वाटतं, म्हणजे मन हे काय चीज आहे. ती असती तर म्हणाली असती, बघा की, देवाने दाखवलंय तर बघा, तोंड पाडून बघितलंत म्हणून मेंढी काही काळी होणार नाही.

पण ती असती तर, हे मनात आलं आणि ती कुठे, हा प्रश्न आला. आजवर हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तिच्या जाण्याला त्यांच्याकडे एक जागा होती, खांबाला लागून, निळी. ते चित्रण लागलं काय, न लागलं काय, ती तिथे बसलेली होती. आता तिथे एक परकी बाई बसली होती, आणि कधीपासून? पहिल्यापासून. म्हणजे इतकी वर्षं आपण जिला "हसली" म्हणालो, जावयाने जिला नमस्कार केला, ताप आलेला असताना आपण जिच्याशी दोन शब्द बोललो, ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, आणि बिचारीला याचा पत्ताही नाही. त्यांना त्या बाईचा राग येईना. रागाऐवजी एक विचित्र संकोच आला, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरून जेवायला बसलो आहोत तसा. आणि त्या संकोचाच्या तळाशी एक बारीक खडा टोचत होता. दुकानाच्या दारातून, रस्त्यापलीकडे चालणाऱ्या माणसाचा डोळा तिरळा आहे हे ज्याला दिसतं, त्याला बायको दिसली नाही? एकदाही उठून जवळ जावंसं वाटलं नाही? आधीचंच बरं होतं. त्या खुर्चीतून हजार माणसं जे म्हणाली, तेच.

संध्याकाळी लेक येणार. पडदे ओढणार, नीट बसणार. चष्मेवाल्यांनी खूप मार्ग काढून पाहिले. पेन ड्राइव्ह हरवता येईल. बोटाएवढी वस्तू, म्हाताऱ्या माणसाच्या हातून काहीही हरवतं. पण जावई दुसरी प्रत आणेल, तो चिवट आहे. लेक त्या जागी येण्याआधी चहा मागता येईल, दर वेळी, जन्मभर. मग त्यांना आठवलं, भिंतीवर टीव्ही बसवायला आलेला माणूस रिमोट दाबून दाखवत होता: हे उजेडाचं, हे रंगाचं, हे चित्र किती रेखीव हवं त्याचं. त्यांनी शोधत शोधत ते काढलं. चित्रण लावलं, खांबापाशी थांबवलं, आणि रेखीवपणा खाली खाली आणला. तीळ विरघळला. फुलं शालीत बुडाली. तरी चेहरा जाईना. डोळे, नाक, तोंड, सगळं आपापल्या जागी, तिचं नसलेलं. त्यांना एकदम हसू फुटलं. जन्मभर लोकांना काचा दिल्या, आणि आज घरात बसून कोण काय शोधतंय, तर धुकं! त्यांनी रेखीवपणा होता तिथे आणून ठेवला, आणि मग, अगदी सहज, स्वतःचा चष्मा काढला.

ती आली. खांब आला, निळं आलं, आणि निळ्यात ती बसली होती, होती तशी. त्यांचा नंबर मोठा होता. चष्म्याशिवाय सगळं जग पाण्याखालचं. एवढं सोपं होतं तर! मोठा टीव्ही असो की छोटा, चष्मा काढला की झालं. त्यांना फार शांत वाटलं. थांबवलेलं चित्र त्यांनी चालू केलं आणि मान मागे टेकली. कथेकरी गात होते. गोष्ट त्या घराची होती, ज्याचं दार रात्री कुणीतरी वाजवतं आणि आतली बाई विचारत बसते, तू कोण, कुठला, कुणाचा, आणि विचारता विचारता वाजवणारा निघून जातो. कथेकऱ्यांनी टाळ थांबवले, श्रोत्यांकडे हात केला आणि ध्रुवपद दिलं: "नाव नको पुसू, दिवा पुढे धर." सभागृहाने ते उचललं. जुन्या टीव्हीत या ठिकाणी नुसती खरखर होती, पत्र्यावर वाळू पडल्यासारखी. आज जावयाने जोडलेल्या त्या लांब पट्टीतून माणसं आली. जाड गळे, कापरे गळे, कुणी एक खोकणारा, उजवीकडे लहान मुलं, डावीकडे बायकांचा थवा. "नाव नको पुसू, दिवा पुढे धर." आणि सगळे "धर" म्हणून थांबल्यावर, डावीकडून, एकटं, किंचित खालच्या पट्टीत, आणखी एक "धर".

चष्मेवाले हलले नाहीत. हललं तर ते उडून जाईल असं त्यांना वाटलं.

ती नेहमी मागून यायची. घरात भांडी घासताना गायची तेव्हाही, रेडिओबरोबर म्हणायची तेव्हाही, सगळे एका ठिकाणी पोचले की मग ही आपली पिशवी सावरत यायची. लेक लहानपणी वैतागायची, "आई, तुला ताल नाहीये!" तर ती म्हणायची, "घाई काय आहे? सगळ्यांचं म्हणून झालं की माझं एकटीचं देवाला नीट ऐकू जातं." त्यांनी चित्र मागे घेतलं. पुन्हा ध्रुवपद, पुन्हा सभागृह, पुन्हा ते उशिराचं "धर". मग त्यांनी चष्मा लावला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. आता दोन्ही होतं. सगळे म्हणाले, मागून तिचं "धर" आलं, आणि त्याच क्षणी त्या परक्या बाईने, फुलांच्या निळ्या शालीतल्या बाईने, खांबाच्या पलीकडे मान वळवली आणि ती हसली. चिडून नव्हे. शेजारणीचं पोर दुडदुडत अंगावर आलं तर हसावं तसं. हसता हसता ती थोडी सरकली आणि पलीकडे कुणाला तरी जागा केली. खांबाच्या आड कोण होतं ते कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. आणि तेव्हा इतक्या वर्षांनी त्यांना बायकोचं त्या दिवशी घरी आल्यावरचं बोलणं ऐकू आलं. शाल झटकत, चपला कोपऱ्यात ठेवत ती म्हणाली होती, "अहो, खांबाने निम्मे कथेकरी खाल्ले. पण आवाज अख्खा आला." ते त्या वेळी कुणाच्या तरी काचा घासत होते. हं, म्हणाले होते. ही समोरची बाई तर मंचाकडे सरळ बघत होती. हिचं काहीच खांबाने खाल्लं नव्हतं.

उजेड खिडकीतून खाली उतरला तेव्हा लेक आली. तिने पिशवी टाकली, पडदे ओढले, केस सोडून पुन्हा बांधले, जणू ती कुणाला भेटायला निघाली होती. जावयाला यायला उशीर होता. "लावा," ती म्हणाली आणि जमिनीवर, त्यांच्या खुर्चीला टेकून बसली. लहानपणी बसायची तशी. सांगावं, आधीच सांगावं, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. पण सांगून दिसत नसतं, हे त्यांचा धंदा त्यांना सांगत होता. त्यांनी लावलं. सभागृह आलं. खांब आला. तिच्या पाठीचा भार त्यांच्या पायावर होता, आणि तो भार त्यांना आधी ताठ होताना कळला, मग तिचं बोलणं आलं.

"बाबा."

"हं."

"ही आई नाहीये."

"नाही."

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं."

"हो."

"आणि 'आली' म्हणालात." तिचा आवाज भांडायच्या तयारीत होता आणि मध्येच तुटला. "कशाला आणलं हो हे धूड मी? ठिपकाच बरा होता. निदान ठिपका माझा होता." ती उठायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खुर्चीतल्या माणसाची मान सरळ करायला ठेवतात तसा, हलका.

"डोळा झाक."

"कुठला?" ती रडताना म्हणाली. लहानपणी ती त्या खुर्चीत खेळायची. एक डोळा झाका, आता दुसरा, हे तिच्या अंगात होतं.

"दोन्ही."

तिने तळहात डोळ्यांवर ठेवले. त्यांनी चित्र थोडं मागे नेलं. कथेकऱ्यांचे टाळ थांबले. नाव नको पुसू, दिवा पुढे धर. सभागृहाने उचललं, उचलून थांबलं. मग डावीकडून, पिशवी सावरत, एकटं, "धर".

लेकीचे खांदे हलायचे थांबले. खोलीत बराच वेळ नुसते कथेकरी गात राहिले, आणि मोठ्या पडद्याचा उजेड तिच्या बोटांवरून, मनगटावरून, जुन्या टीव्हीच्या भिंतीवरच्या उजळ चौकोनावरून सरकत राहिला. चष्मेवाल्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं, आयुष्यभराचं, पण त्यांनी ते म्हटलं नाही. गप्प बसायचं असतं. त्या परक्या बाईचा चष्मा तेवढा वाकडा होता. कधी भेटली तर सरळ करून देऊ, पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

लेकीने हात डोळ्यांवरच ठेवले होते.

"बाबा," ती म्हणाली, "परत एकदा लावा."